खंबाटकी चढताना इंजिनातून टणटण आवाज, गॅरेजवाले इंजिन उघडायला सांगतात

वाईची_लेक (रविवार, रात्री ११:२०)

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते. मी नर्स आहे. पेशंटबरोबर आलेल्या माणसाने हिस्टरी अर्धी सांगितली की निदान कसं भरकटतं ते रोज बघते, म्हणून आठवेल ते सगळं देते.

गाडी २०१४ ची, पेट्रोल, १२०० सीसी, चार सिलिंडर, पाच गियर. ९१ हजार किलोमीटर झालेत. गाडी बाबांची. ते प्राथमिक शिक्षक होते, निवृत्त झाल्यावर हौसेने घेतली आणि फार जपली. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून मी चालवते. मी पुण्यात वडगाव बुद्रुकला राहते, आई वाईला एकटी असते. दर शनिवारी ड्यूटी उतरली की निघायचं, रविवारी रात्री परत. म्हणजे महिन्यातून चारदा तरी खंबाटकी.

मार्चपासून एक आवाज येतोय. आपलं साताऱ्याकडचं खंडाळा मागे पडून घाटाचा चढ लागला की सुरू होतो. स्टीलच्या डब्यात मूठभर कोरडा साबुदाणा घालून डबा हलवला तर जसा येईल तसा. बारीक, कडक, धातूचा. डॅशबोर्डच्या पलीकडून येतो, चाकांकडून नाही.

कधी येतो: चौथ्या गियरमध्ये, ताशी ५० च्या आसपास, आरपीएम १८०० ते २३००, पाय अर्ध्याहून जास्त दाबलेला. एसी चालू असेल तर जास्त. मागच्या सीटवर कुणी असेल तर आणखी जास्त. तिसऱ्यात टाकली की कमी होतो, पण जात नाही. पाय उचलला की त्याच क्षणी बंद.

कधी येत नाही: गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये कितीही रेस केली तरी नाही. सकाळी गार इंजिनवर पहिली दहा मिनिटं नाही. परत येताना बोगद्याकडून तसा चढ नाही, तेव्हा फारसा नाही.

टेंपरेचरचा काटा मध्यावर असतो. ऑइलचा दिवा किंवा चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. अॅव्हरेज १७ वरून १५ वर आलंय. दिवाळीआधी नेहमीची सर्व्हिसिंग केली होती: ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग.

दोन गॅरेजमध्ये दाखवलं. एकाने बॉनेट उघडून दोनदा रेस केली आणि सांगितलं, कनेक्टिंगचा (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचा) आवाज आहे, हाफ इंजिन करावं लागेल, ३८ हजार. दुसऱ्याने पेट्रोलमध्ये ओतायची ४५० रुपयांची बाटली दिली. ओतली, फरक शून्य. दोघांपैकी एकानेही गाडी चढावर नेऊन ऐकली नाही. आवाज चढावर येतो हे मी दोघांनाही सांगितलं होतं.

मला दोन गोष्टी हव्यात. इंजिन न उघडता आवाज कसला ते ठरवता येतं का? आणि ते ठरेपर्यंत गाडी घाटात न्यावी का? ३८ हजार माझ्यासाठी थोडे नाहीत. आणि बाबांच्या गाडीचं इंजिन उगीच कुणी उघडलेलं मला सहन होणार नाही.

घाटवळण (सोमवार, सकाळी ६:०५)

ताई, मी महाड ते पुणे भाडं मारतो, वरंधा घाटातून. ५० ला चौथा हा घाटातला गियर नाही. १८०० वर चौथ्यात पाय दाबला की इंजिनाचा जीव घुसमटतो. तिसरा टाका, आरपीएम अडीच-तीन हजारांवर ठेवा, इंजिन हलकं चालेल. पेट्रोल थोडं जास्त जाईल, जाऊ दे.

आणि सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट बघा. बाजूच्या बाटलीवर विश्वास ठेवू नका, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं मी दोनदा बघितलंय. काटा मध्यावर आहे म्हणजे सगळं ठीक असंही नाही.

मुकादम (सोमवार, सकाळी ९:४८)

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून जुन्या गाड्यांची वाट लागली आहे. तुमची २०१४ ची, ई-२० साठी बनलेलीच नाही. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं अॅव्हरेजही असंच पडलं. दुसरं काही शोधू नका.

चाकणकर (सोमवार, रात्री १०:१५)

मी इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो, म्हणून यावर थोडं नेमकं लिहितो.

ठिणगी पडली की सिलिंडरमधलं सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. आग प्लगपासून निघून कडेकडे पसरत जाते. ती कडेला पोचायच्या आत तिथलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून पेटलं, तर दाबाची लाट भिंतींवर आपटते. साबुदाण्याचा आवाज तो, त्यालाच नॉकिंग म्हणतात. तो इंजिनावर भार असताना, आरपीएम कमी असताना, इंजिन तापल्यावर येतो. तुम्ही दिलेलं वर्णन हुबेहूब तेच आहे.

पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे असं आपणहून पेटायला ते किती विरोध करतं त्याचं माप. मुकादम, इथे तुमच्याशी सहमत नाही. बीएस-६ चं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं, आणि ई-२० चं मानक किमान ९५ चं आहे, कारण इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो. अॅव्हरेज पडण्याचा दोष इथेनॉलला देता येईल, त्यात ऊर्जा कमी असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील यांचीही काळजी करावी. पण नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉल उलट मदत करतं. साताऱ्याच्या उसावर हा आरोप टिकत नाही.

ताई, एक चाचणी करा. टाकी रिझर्व्हला येऊ द्या आणि ९७ ते १०० ऑक्टेनचं पेट्रोल दहा-बारा लिटर भरा, पुण्यात मिळतं. तीस-चाळीस किलोमीटर चालवा आणि मग तोच चढ, तोच गियर, तोच एसी. आवाज गेला तर तो जळण्याचा. तसाच राहिला तर यांत्रिक, मग सुट्या भागांकडे बघायचं. शक्य असेल तर साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, वाचा. तो अधिक दहाच्या पुढे असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे फ्युएल पंप, इंजेक्टर किंवा कुठेतरी हवेची गळती.

वाईची_लेक (पुढचा रविवार, रात्री १०:३०)

सगळ्यांचे आभार. जे केलं ते लिहिते.

कूलंट रेडिएटरच्या गळ्यापर्यंत भरलेलं आहे. स्कॅनर एका सहकाऱ्याच्या भावाकडून आणला. ट्रिम अधिक ३ ते ४, घाटात इंजिनाचं तापमान ९४ ते ९७. १०० ऑक्टेनचं १२ लिटर भरलं. लिटरमागे मोजलेले पैसे सांगत नाही, पण एकदा निकाल लागू दे म्हणून भरलं.

निकाल लागला नाही. आवाज निम्म्याहून कमी झाला, पण गेला नाही. आधी सलग यायचा, आता मधूनच दोन-चार दाणे पडल्यासारखा येतो. तिसऱ्या गियरमध्ये, एसी बंद ठेवूनही एका वळणावर आला. मग हा जळण्याचा की यांत्रिक?

रात्रपाळी_२२ (सोमवार, दुपारी १:१०)

महागडं पेट्रोल घालूनही येतोय म्हणजे बेअरिंगच. पहिला गॅरेजवाला बरोबर होता. जास्त उशीर केलात तर क्रँकही जाईल, मग ३८ चे ७० होतील.

गोटीपाना (सोमवार, रात्री ९:३५)

ताई, इंजिन उघडायचं नाव अजून काढू नका. माझं इचलकरंजीला गॅरेज, १९८६ पासून हात काळे केलेत. आता मुलगा बघतो, मी सकाळी जाऊन बसतो.

पहिलं, हा कनेक्टिंगचा आवाज नाही. बिग एन्डचं, म्हणजे कनेक्टिंगच्या क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग गेलं की आवाज जड येतो, वरच्या मजल्यावर कुणीतरी खलबत्त्यात कुटतंय तसा, ठक ठक. तो न्यूट्रलमध्ये रेस करून सोडतानाही ऐकू येतो, आणि ऑइल तापून पातळ झालं की वाढतो. गजन पिनचा (पिस्टन कनेक्टिंगला जोडते ती) आवाज जोडीने येतो, टक-टक, टक-टक. टॅपेट वाजत असतील तर गाडी उभी असतानाही शिलाई मशीनसारखे वाजतात. तुमचा आवाज न्यूट्रलमध्ये नाहीच. आणि पेट्रोल बदलल्यावर तो निम्म्याने कमी झाला. बेअरिंगला वरून कुठलं पेट्रोल येतंय ते कळत नाही. आवाज कमी झाला तिथेच ठरलं, हा जळण्याचा आवाज आहे. रात्रपाळी, तुम्ही 'गेला नाही' एवढंच धरलंत. 'कमी झाला' हे जास्त मोलाचं.

मग पूर्ण का गेला नाही? याच्यावर मी काल रात्रीपासून विचार करतोय.

तुमच्या इंजिनावर नॉक सेन्सर आहे. तो ब्लॉकला चिकटून बसलेला कान समजा. टणटण ऐकली की कंप्युटर ठिणगी थोडी मागे घेतो आणि आवाज थांबतो. आमच्या वेळी हे काम आम्ही कानाने करायचो. पद्मिनी गाडीचा डिस्ट्रिब्यूटर (ठिणगीची वेळ ठरवणारा भाग) किंचित सैल ठेवून गाडी चढावर न्यायची, वाजली की उतरून केसभर फिरवायचा, पुन्हा न्यायची. आता तेच सेन्सर सेकंदाला कितीतरी वेळा करतो. म्हणजे सेन्सर धड असलेल्या गाडीने असं सलग वाजायला नको. सेन्सर खराब असता तर चेक लाइट लागला असता आणि कंप्युटरने भीतीपोटी ठिणगी कायमचीच मागे ठेवली असती. गाडी वाजली नसती, मंद झाली असती.

सेन्सर धड आहे आणि तरी वाजतंय, याचा एक अर्थ असा की आग ठिणगीने लागतच नाहीये. ठिणगी पडायच्या आधीच आत काहीतरी लाल होऊन मिश्रण पेटवतंय. मग कंप्युटरने ठिणगी कितीही मागे घेतली तरी काय उपयोग? आणि ऑक्टेन वाढवून पुढची टणटण कमी होते, पण तो निखारा तिथेच राहतो. तुमच्या चाचणीचा निकाल नेमका असाच आहे.

निखारा दोन गोष्टींचा असतो. एक, पिस्टनवरचा कार्बन. शहरात दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो साठतो. दुसरा, प्लगचं टोक.

तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, रेडिएटरचा गळासुद्धा बघितलात, पण एक गोष्ट एका शब्दात उरकलीत. दिवाळीआधीची सर्व्हिसिंग, त्यात 'प्लग'. मी तिथे थांबलो. थंडीत बदलले, थंडीत कळलं नाही, उन्हाळा लागला आणि आवाज सुरू झाला. कुणी बदलले? कोणत्या नंबरचे? आणि कशाने आवळले?

प्लगचं टोक तापतं ती उष्णता चुडीतून (प्लगच्या आट्यांतून) आणि वायसरमधून इंजिनाच्या हेडमध्ये उतरते, तिथून कूलंट घेऊन जातं. गरम पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलं की लवकर निवतं, पण त्याचं बूड पाण्याला टेकलं पाहिजे. सैल प्लगचं बूड टेकलेलं नसतं. टोक साधारण ४५० अंशांच्या खाली राहिलं तर काजळी धरतं, साडेआठशेच्या वर गेलं तर स्वतःच पेटवायला लागतं. मधल्या पट्ट्यात राहायला तो नीट बसलेला हवा आणि योग्य नंबरचा हवा. प्लगच्या नंबरात एक आकडा उष्णतेचा असतो. जपानी कंपन्यांच्या प्लगमध्ये आकडा मोठा तेवढा प्लग थंड. बॉशमध्ये उलटं, आकडा मोठा तेवढा प्लग गरम. हे उलटसुलट लक्षात न ठेवल्यामुळे चुकीचे प्लग बसलेले मी पुष्कळ काढलेत.

आता काम. गाडी रात्रभर उभी राहू द्या. इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही, अॅल्युमिनियमच्या हेडची चुडी ओढली जाते. कॉइल काढल्यावर खड्ड्यातली धूळ हवेने उडवून घ्या, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडेल. प्रत्येक प्लग सैल करताना किती जोर लागला ते लक्षात ठेवा, ते महत्त्वाचं. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने ठेवा. टोकाचा रंग बघा, वायसर बघा, नंबर वाचा. आणि तोपर्यंत घाट नको. ठिणगीआधीची आग फार वाईट, पिस्टनला भोक पाडते.

वाईची_लेक (त्याच आठवड्यात, रविवार, दुपारी १२:५०)

काका, शनिवारी स्वारगेटहून एसटीने वाईला गेले आणि आज पहाटेच्या गाडीने परत आले. आल्याबरोबर खाली पार्किंगमध्ये बसले. शेजारचे एक काका टर्नर आहेत, त्यांच्याकडे १६ ची प्लग गोटी (सॉकेट) आणि टॉर्क रेंच निघाला. गोळ्यांचे चार रिकामे डबे घेतले, त्यांवर मायक्रोपोर टेप लावून १ ते ४ आकडे टाकले. पाना मीच धरला.

पहिला प्लग: नीट आवळलेला, झटका देऊन सुटला. दुसरा: थोडा कमी. चौथा: पाना लावला आणि काही जाणवायच्या आत फिरला. तिसरा सांगते. गोटी खाली घातली, अजून पाना जोडला नव्हता, नुसत्या एक्स्टेंशनला बोटं लावली आणि प्लग फिरला. दोन बोटांनी. मी हात काढून घेतला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

रंग: १ आणि २ फिकट करडे. ४ पांढरट. ३ चं चिनी मातीचं टोक खडूसारखं पांढरंफटक, त्यावर चमक आल्यासारखी, आणि मधला इलेक्ट्रोड कडेने झिजून गोलसर झालेला. ३ आणि ४ चे वायसर अजून फुगीर आहेत, १ चा दाबून चपटा झालाय. ३ च्या चुडीवर वरपर्यंत काळी काजळी. चारही प्लगच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर तळाशी तपकिरी वर्तुळ आहे, ते कसलं?

आणि नंबर. बाबांची एक वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. दोनशे पानी, समास आखलेली, शाळेत वापरायचे तशी. प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक पंक्चर त्यात आहे. ती मी दोन वर्षांत उघडली नव्हती. आज उघडली. '५०,१२० कि.मी. प्लग ४ नग बदलले' आणि पुढे पूर्ण नंबर, अक्षर न अक्षर. कंपनी जपानीच. त्यांच्या नंबरात आकडा ६ आहे. आज काढलेल्यांवर ५.

गोटीपाना (रविवार, दुपारी २:१५)

ताई, सापडला.

५ म्हणजे एक पायरी गरम प्लग. एका पायरीने एवढं सहसा होत नाही. सैल बसल्यानेही थंडीत चाललं असतं. गरम नंबर, त्यात सैल, त्यात मे महिना, एसी आणि चौथ्यात खंबाटकी, असं सगळं एकावर एक आलं. १ चा वायसर चपटा आहे म्हणजे माणसाला आवळता येत होतं. ३ आणि ४ कडे हात नीट पोचला नसेल किंवा मध्येच कुणी हाक मारली असेल.

बाहेरचं तपकिरी वर्तुळ दुर्लक्ष करा. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, त्याने काही बिघडत नाही. पुष्कळ जण ते बघून प्लग लीक म्हणून फेकून देतात. लीकची खूण म्हणजे चुडीवरची काजळी आणि न चपटलेला वायसर, ती तुम्हाला मिळालीच आहे.

नवे प्लग लावायच्या आधी दोन कामं करून घ्या. मोबाइलला जोडतात तो बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून ३ मध्ये सोडून पिस्टनचा माथा बघा. आणि चारही सिलिंडरचं कंप्रेशन मोजा. प्लगच्या टोकावर चंदेरी बारीक कण दिसतात का, तेही भिंगातून बघा. दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे, मग विषय वेगळा.

प्लग ६ नंबरचे, वहीत आहेत तेच. हाताने शेवटपर्यंत बसवायचे, पाना नंतर. १४ मिलिमीटरची चुडी असेल तर साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा तो खरा. चुडीला ग्रीस लावू नका, लावलं की रेंच खोटं बोलतो आणि प्लग जास्त आवळला जातो. टॉर्क रेंच नसेल तेव्हा नव्या वायसरचा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा.

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. गिऱ्हाइकाने नंबर लिहून ठेवलाय असं चाळीस वर्षांत मला दोन-तीनदाच भेटलं.

वाईची_लेक (दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:०५)

कॅमेरा सोडून बघितला. ३ चा माथा काळा, कार्बन आहे, पण कड शाबूत, वितळल्याची किंवा खड्ड्याची खूण नाही. चंदेरी कण नाहीत. कंप्रेशन १७५, १७०, १७०, १७५ पीएसआय, चारही जवळजवळ सारखे. मोजणाऱ्या मुलाने आकडे वाचले तेव्हा माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. बाबांच्या इंजिनाला काही झालेलं नाही.

चार प्लगचे ८८० रुपये, तपासणीचे ६००. प्लग मीच बसवले. शेजारच्या काकांनी रेंचवर आकडा लावून दिला आणि ते बाजूला उभे राहिले. वायसर दाबला जाताना हाताला आधी मऊ लागतं आणि मग एकदम घट्ट होतं, ते कळलं. रेंच कट्ट वाजला की थांबायचं.

काल साधं पेट्रोल भरून गेले. दुपारी साडेचार, ऊन रणरणतं, एसी चालू, मागे आईसाठी घेतलेली गव्हाची दोन पोती. खंबाटकीला तिसऱ्यात काहीच नाही. मग मुद्दाम एका सरळ चढावर चौथ्यात ५० ला पाय दाबून बघितला. दोन वेळा टिक आलं, तेवढंच. लगेच थांबलं. परतीला काहीच नाही. अॅव्हरेज १६.५.

पहिल्या गॅरेजला फोन केला, रागाने नाही. प्लग सैल होता एवढं सांगावं म्हणून, पुढच्या गाडीला उपयोग होईल. त्यांनी ऐकून घेतलं.

चाकणकर (सोमवार, सकाळी ८:४०)

ते दोन टिक उरलेल्या कार्बनचे आणि सेन्सरने ठिणगी मागे घेतल्याचे. आता सेन्सरला काम करता येतंय. चौथा गियर घाटात वापरू नका, घाटवळण यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं ते खरंच आहे. आणि माझ्या चाचणीचे फक्त दोनच निकाल मी लिहिले होते, तिसरा लिहायला हवा होता. ती चूक माझी.

गोटीपाना (सोमवार, रात्री ९:१०)

हजार किलोमीटर झाले की ३ चा प्लग एकदा काढून बघा. टोक बिस्किटाच्या रंगाचं हवं. काढलेला प्लग परत लावताना वायसर आधीच दबलेला असतो, तेव्हा अर्धा फेरा द्यायचा नाही, हाताने टेकल्यावर थोडाच. रेंच असेल तर प्रश्नच नाही.

कृष्णाकाठ (मंगळवार, दुपारी ३:२०)

सगळं वाचून माझे प्लग उद्याच काढायला निघालो होतो. माझ्या गाडीतही असाच बारीक खडखडाट, अॅक्सिलरेटर दिल्यावर. फरक एवढाच की न्यूट्रलमध्येही येतो, २२०० आरपीएमला. त्याच्या वर किंवा खाली नाही. गार असतानाही येतो.

वाईची_लेक (मंगळवार, रात्री ११:४५)

न्यूट्रलमध्ये आणि गार इंजिनवर येतो म्हणजे माझ्यासारखा नाही. एका ठरावीक आरपीएमलाच येतो तर काहीतरी सैल पातळ वस्तू त्या कंपनाला वाजत असणार. माझ्याकडच्या काकांनी पहिल्यांदा मला खाली वाकून सायलेन्सरच्या वरचा पत्रा बघायला लावला होता. गाडी गार असताना तो पत्रा हाताने हलवून बघा, आणि कुणाला तरी २२०० वर धरायला सांगून लाकडी दांड्याने दाबून बघा, आवाज थांबतो का. हँडब्रेक घट्ट, गियर न्यूट्रलला, गाडीखाली जायचं नाही. प्लग कधी बदललेत तेही सांगा.

कृष्णाकाठ (गुरुवार, संध्याकाळी ७:३०)

पत्राच होता. चारपैकी एका नटाचं भोक गंजून मोठं झालं होतं. मोठा वायसर आणि वरून जुबली क्लिप, ६० रुपये. प्लग ३० हजारांपूर्वी बदललेत, नंबर माहीत नाही. रविवारी काढून वाचतो.